चाळीस सुरुवाती

माझा नवरा एलिझबार बावन्न वर्षं आमच्या गावाचा तमादा होता. टेबलाच्या टोकाला बसून एकामागून एक प्याला उचलायचा आणि प्रत्येक प्याल्याआधी बोलायचं, हे तमादाचं काम. लग्न असो, बाळाचा पहिला वाढदिवस असो, कुणाचा मुलगा लष्करातून परत आलेला असो की कुणाच्या घरातलं माणूस गेलेलं असो, आमच्याकडे तमादा बोलल्याशिवाय वाइन घशाखाली उतरत नाही. एलिझबारनं आयुष्यात कधी कागदावर एक ओळ लिहून नेली नाही. जेवणावळीला निघताना तो बुटांना पॉलिश करायचा, टोपी डोक्यावर ठेवावी की हातात धरावी याचा विचार करायचा. काय बोलायचं याचा विचार करताना मी त्याला पाहिलेला नाही.

घरी मात्र तो मीठसुद्धा बोटानं मागायचा.

तो खाणीकडे जाणाऱ्या रोपवेच्या स्टेशनात मेकॅनिक होता. तिथल्या मोठ्या चाकांच्या घरघरीत दिवसभर कुणी कुणाशी बोलत नसे, त्याची सवय असेल. संध्याकाळी घरी आला की हात धुवायचा, जेवायचा, द्राक्षाच्या मांडवाखाली बसून कात्रीला धार लावायचा. मी दिवसभरातलं सगळं सांगायची. तो मान डोलवायचा. कधी "हं" म्हणायचा. तेवढ्यावर मी एकोणिसाव्या वर्षापासून संसार केला.

झऱ्यावर पाणी भरायला येणाऱ्या बायकांना हे खरं वाटायचं नाही. शेजारची गुलिको तर नेहमी म्हणायची, "दारेजान, तुझं बरंय बाई, तुझ्या घरी रोज मधाची धार."

मी म्हणायची, "घरी नुसतं पोळं आहे. मध बाहेर वाटतात."

त्या हसायच्या. मीही हसायची. पण घागर उचलून वर येताना ते वाक्य माझ्या छातीत रुतायचं.

आमचं स्वयंपाकघर घरापासून वेगळं, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथून अंगणातल्या मांडवापर्यंत बावीस पावलं. मध्ये अक्रोडाचं झाड. पाहुणे आले की पुरुष आणि म्हाताऱ्या बायका मांडवात, आणि आम्ही बाकीच्या या बावीस पावलांवर जा-ये करायच्या. टेबलावर काय चाललंय ते आम्हाला प्याल्यांवरून कळायचं. पहिला प्याला शांततेचा. मग गावाचा, मग गेलेल्यांचा, मग लेकरांचा. लेकरांचा प्याला उचलला की चुलीतले मातीचे तवे बाहेर ओढायचे, त्यांवर चेस्टनटची पानं अंथरायची, मक्याचं पीठ थापायचं आणि तव्यावर तवा रचायचा. पुढचा प्याला संपेपर्यंत भाकऱ्या तयार होऊन टेबलावर जायला हव्यात, हा माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचा हिशेब.

आणि तो पुढचा प्याला बायकांचा.

त्या प्याल्याला सगळे पुरुष उभे राहतात. म्हणजे ज्यांच्या मानासाठी ते उभे राहायचे, त्या आम्ही चुलीपाशी, तोंडावर राख उडवत. एलिझबार बोलायला लागला की मी भाकऱ्यांचं पहिलं ताट घेऊन निघायची, अक्रोडाच्या झाडापर्यंत यायची, आणि तिथं उभी राहून दोन वाक्यं ऐकायची. जास्त नाही. मागून हाक यायचीच.

तो एकदा बोललेलं पुन्हा कधी बोलला नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी सुरुवात नवी असायची. एका लग्नात म्हणाला, "आपल्या क्विरिला नदीवर तीन पूल आहेत. पुलांचं कौतुक सगळे करतात, पुलाखालच्या दगडाला कुणी विचारत नाही." दगडाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. दारूबंदीच्या वर्षांत वाइन चहाच्या किटल्यांतून यायची आणि सगळे एका डोळ्यानं रस्त्याकडे बघत बसायचे, तेव्हाही त्यानं किटली उचलून सुरुवात केली, "आज आपण चहा पितोय, तर ज्या हातांनी हा चहा साखरेशिवाय गोड केला त्या हातांबद्दल बोलू." सगळे हसले. मी पण झाडामागे हसले. आणि मग भाकऱ्या संपल्या म्हणून परत गेले.

अशा माझ्याकडे त्याच्या चाळीस सुरुवाती आहेत. मी मोजल्यात. शेवट एकही नाही.

त्यातली एक मात्र काट्यासारखी राहिली. एकाहत्तर साल होतं, आमच्या मालखाझचा पहिला वाढदिवस. अंगणात सत्तर माणसं. मी झाडापाशी ताट घेऊन उभी. एलिझबार उठला, ग्लास छातीशी धरला आणि म्हणाला, "माझ्या आईनं मला बोलायला शिकवलं. आणि माझ्या बायकोनं मला..."

इथं तो थांबला. ग्लासात बघत राहिला. असं तो नेहमी थांबायचा, विहिरीत बादली सोडून दोर हातात धरल्यासारखा, आणि सत्तर माणसं त्याच्याबरोबर थांबायची.

मागून सासूबाई ओरडल्या, "अगं ए सूनबाई, रस्सा उतू चाललाय, तिथं काय खांबासारखी उभी!"

मी पळाले. रस्सा उतरवून धावत आले तोवर प्याला पिऊन झाला होता. पुरुष डोळे पुसत होते. गुलिकोचा नवरा नाक शिंकरत होता. मी ताट त्याच्यापुढे ठेवून हळूच विचारलं, काय बोलला रे तो?

"काय बोलला म्हणून काय विचारता वहिनी," तो म्हणाला, "आम्ही रडलो."

"ते दिसतंय. पण बोलला काय?"

"रडलो म्हटलं ना."

त्याच्या शेजारच्यानं सांगितलं, तुला अक्रोडाच्या झाडाची उपमा दिली. त्याच्या शेजारच्यानं सांगितलं, झाड नव्हे, उंबरा. आणि एलिझबारचा जिवाभावाचा मित्र अंब्रोसी, जो स्वतः चांगला बोलायचा आणि म्हणून दुसऱ्याचं नीट ऐकायचा, त्यानं तर ग्लास उलटा करून दाखवला. "वहिनी, ते प्यालो आम्ही. आता कुठं शोधणार?"

पाहुणे गेल्यावर एलिझबार पायरीवर बसून बूट काढत होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बायकोनं मला, असं म्हणालास. पुढं काय?"

त्यानं खूप वेळ विचार केला. एक बूट हातात तसाच. "आठवत नाही, दारो."

मी ते खरं मानलं नाही. सत्तर माणसांसमोर जे बोलता येतं ते एका माणसासमोर आठवत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? मला वाटलं, मला द्यायचं नाहीये. तीन दिवस मीही बोलले नाही. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, मला शंका आहे.

त्यानंतर मी दर जेवणावळीनंतर विचारायची आणि दर वेळी तेच उत्तर. एकदा मी ठरवलं की आज हलायचंच नाही. मालखाझ तेव्हा शाळेत होता. मी झाडापाशी उभी राहिले, मागून हाका येत राहिल्या, मी बहिरी झाले. एलिझबार अगदी रंगात आला होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काळा धूर मांडवावर आला. तो बोलता बोलता थांबला, हवेत नाक वर केलं आणि म्हणाला, "बघा, बायकांची स्तुती जरा जास्त झाली की घराला आग लागते." मांडव हसून हसून कोसळायचा बाकी राहिला, आणि त्या हशातच त्यांनी प्याला संपवला. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे त्या आठवड्यात घरात कुणीच माझ्याशी बोलत नव्हतं.

पुढे खाण बंद पडली, रोपवेचे पाळणे तारेवर जिथल्या तिथं लटकत राहिले, सासूबाई गेल्या, मालखाझ राजधानीत जाऊन पूल बांधणाऱ्या कचेरीत लागला. त्यानं तिकडचीच मुलगी केली, खातुना. एलिझबार म्हातारा झाला. त्याचा आवाज मांडवाच्या शेवटापर्यंत पोचेना, तसं लोकांनी अंब्रोसीला बोलवायला सुरुवात केली. आता मला चुलीपाशी जायची गरज नव्हती, मी म्हाताऱ्या बायकांत बसू शकत होते. पण आता तो बोलत नव्हता.

एका दुपारी, तो जायच्या आदल्या उन्हाळ्यात, मी जमिनीत पुरलेल्या रांजणातून वाइन काढली, दोन ग्लास भरले आणि त्याच्यासमोर बसले. चुलीवर काही नव्हतं. मी मुद्दाम काही ठेवलं नव्हतं.

मी म्हटलं, "एलिझबार, बायकांचा प्याला. आज शेवटपर्यंत."

त्यानं ग्लास उचलला. तो प्रयत्न करत होता, मला दिसत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या रिकाम्या बाकांकडे, एकेका बाकाकडे, जणू तिथं कोण कोण बसायचं ते आठवत होता. मग ग्लास खाली ठेवला.

"माणसं नाहीत गं, दारो."

"मी आहे की."

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळानं बोटानं मीठ मागितलं.

पुढच्या पानगळीत द्राक्षाच्या वेलाची छाटणी करताना तो गेला. शिडीवरून पडला नाही. खाली उतरला, कात्री खुंटीला लावली, आणि मग बसला तो उठला नाही.

वर्षश्राद्धाला साठ माणसं आली. दुपारचं जेवण, त्याच अंगणात. वर्ष उलटलं तरी गेलेल्याच्या जेवणाला आमच्याकडे ग्लासाला ग्लास लावत नाहीत. भाकरीवर वाइनचे दोन थेंब सोडायचे, "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं आणि प्यायचं. अंब्रोसी तमादा. चौऱ्याऐंशी वर्षांचा, हात थरथरतो, पण जीभ अजून ताठ.

मालखाझ आदल्या दिवशीच आला होता. पोरगा चौपन्न वर्षांचा, पण मी त्याचा चेहरा बघूनच ओळखलं की याच्या मनात काहीतरी घोळतंय. तो बापावर गेलेला नाही. किंवा अर्धाच गेलाय, घरातल्या अर्ध्यावर. खातुनानं मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "आई, पंधरा दिवस झाले, गाडी चालवताना पुटपुटतायत. काल सिग्नलला मागचे भोंगे वाजवत होते, यांना पत्ताच नाही."

"काय पुटपुटतो?"

"बाबांच्या प्याल्याचं. अंब्रोसीकाका यांनाच अलावेर्दी देणार ना."

देणारच होता. अलावेर्दी म्हणजे तमादानं आपला शब्द दुसऱ्याच्या हाती देणं. ज्याचं नाव घेतलं त्यानं ग्लास घेऊन उठायचं आणि तमादानं जिथं सोडलं तिथून पुढं बोलायचं. नाही म्हणायची सोय नाही. आणि दिलेली अलावेर्दी तमादाला परत घेता येत नाही. ज्याला दिली तो बोलेना, तर त्याच्याच घरातल्या कुणीतरी ती उचलायची. मी जन्मात अशी वेळ आलेली पाहिली नव्हती.

त्या दिवशीही मी म्हाताऱ्या बायकांत बसायला हवं होतं. पण माझं मन तिथं लागेना. पाय आपोआप चुलीकडे गेले. गुलिको तवे रचत होती, मला बघून म्हणाली, "आली का, विधवाबाईसाहेब? तुझा पाट तिकडे मांडलाय."

"तिकडं बसून कुणाचं ऐकू?" मी म्हटलं, आणि पदर खोचावा तसा एप्रन बांधला.

अंब्रोसी बोलला. छान बोलला. म्हणाला, गावात दोन झरे होते, एक डोंगरातला आणि एक या टेबलाच्या टोकाचा, आणि आता एकाच झऱ्यावर भागवायचंय. मग त्यानं ग्लास पुढं केला. "अलावेर्दी मालखाझपाशी."

साठ माणसं ग्लास हातात घेऊन उभी राहिली. मालखाझ उठला. मी भाकऱ्यांचं ताट घेऊन झाडापर्यंत पोचले होते. माझ्या मागं चार पावलांवर खातुना दुसरं ताट घेऊन. आणि आम्ही दोघींनी पाहिलं की त्यानं खिशातून चष्मा काढला, डोळ्याला लावला, आणि मग आतल्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

खातुना मागं हळूच म्हणाली, "नको हो."

आमच्या अंगणात कुणी प्याल्यावर दारूच्या नशेत पडलं तर लोक उचलून घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. कुणी रडलं, भांडलं, तरी विसरतात. पण प्याला उचलून कागद वाचणं! तेही बापाच्या नावाचा प्याला, आणि तो बाप एलिझबार!

मालखाझनं वाचायला सुरुवात केली, "माननीय उपस्थित पाहुणे आणि..."

कुणीतरी खोकलं. अंब्रोसीनं आवाज अजिबात चढवला नाही. "बाळा, हा कागद कुणासाठी? तुझ्या बापाला वाचता येत होतं. पण त्यानं आम्हाला कधी वाचून दाखवलं नाही."

मालखाझनं कागदाची घडी घातली. चष्मा काढला. तोंड उघडलं. त्याच्या मानेवर लाल चट्टे आले, लहानपणी ताप चढायचा तेव्हा यायचे तसे. तो शब्द शोधत होता आणि मला दिसत होतं की त्याला काहीच सापडत नाहीये, त्याचा बाप रिकाम्या बाकांकडे बघत होता तसाच तो भरलेल्या बाकांकडे बघतोय.

साठ ग्लास हवेत. गेलेल्याच्या नावानं उचललेला ग्लास शब्दाशिवाय पिता येत नाही, आणि न पिता खाली ठेवता येत नाही. अंब्रोसीचा हात थरथरत होता, वाइन त्याच्या बाहीतून कोपरापर्यंत ओघळत होती. तो माझ्या पोराची वाट बघत होता, ग्लास खाली न ठेवता. आणि एलिझबार तिथं कुठंतरी, बिनबोलल्या प्याल्यात, अडकून पडला होता. हे मला सहन होईना.

"मी बोलते," मी म्हटलं.

सगळे वळले. माझ्या हातात ग्लास नव्हता, भाकऱ्यांचं ताट होतं. ते घ्यायचं कुणाला सुचलं नाही, आणि ठेवायचं मला सुचलं नाही.

मला फक्त पोराला श्वास घ्यायला वेळ मिळवून द्यायचा होता. माझ्याजवळ चाळीस सुरुवाती होत्या, एखादी द्यावी, तोवर तो सावरेल, इतकंच. पण तोंडात आली ती तीच.

"एलिझबारच्या आईनं त्याला बोलायला शिकवलं," मी म्हटलं. "आणि मी..."

आणि मी थांबले. मी काही त्याच्यासारखं मुद्दाम थांबले नाही. माझ्याजवळ पुढचं नव्हतंच. त्रेपन्न वर्षं मी त्या जागेवर येऊन परत फिरत होते. माझे कान मागं लागले होते, सवयीनं. आता कुणीतरी हाक मारेल, रस्सा उतू जाईल.

मला जळल्याचा वास आला. मागं पावलं वाजली. खातुना पळत परत गेली. मी नाही गेले.

मग मी बोलले.

किती वेळ ते माहीत नाही. ताटाचा चटका बोटांना बसत होता ते आठवतं. अंब्रोसीनं मान खाली घातली आणि वर केली नाही, ते आठवतं. शेवटी मीच "देव त्याला क्षमा करो" म्हटलं असणार, कारण साठ हातांनी भाकरीवर थेंब सोडले आणि साठ माथी मागं झुकली. कुणीतरी माझ्या हातातलं ताट घेतलं. एका म्हाताऱ्यानं येऊन माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं. पुरुष डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालखाझ पायरीवर बसला होता, बाप बसायचा तिथंच. मी शेजारी बसले. तो म्हणाला, "आई, मी बाबांचं नाव घालवलं."

"कागद कुठाय?"

त्यानं दिला. तीन पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. मी वाचली नाहीत. घडी तशीच परत दिली. म्हटलं, "वर जा, कबरीपाशी. तिथं कुणी नसतं. बापाला सावकाश वाचून दाखव. आता तो ऐकून घेईल, त्याला दुसरं काम नाही."

तो उठला, आणि जाता जाता थांबून म्हणाला, "तू काल म्हणालीस ना, आईनं त्याला बोलायला शिकवलं आणि मी त्याला घरी गप्प बसू दिलं. ते मी कधी तसं पाहिलंच नव्हतं."

"असं म्हणाले मी?"

"असंच काहीतरी."

तो टेकडीकडे गेला. मी त्या वाक्याकडे बघत बसले. माझं असेल, नसेल. एलिझबारचंही कदाचित तिथंच जाऊन टेकलं असेल, बायकोनं मला गप्प बसू दिलं, म्हणून. किंवा अगदीच दुसरं काही असेल, मालखाझच्या वाढदिवसाला शोभेल असं. अंब्रोसी रस्त्यानं चालला होता, मी त्याला कुंपणापाशी गाठलं आणि विचारलं, काल मी काय बोलले?

त्यानं काठी काखेत धरली आणि हाताचा ग्लास करून उलटा केला. "वहिनी, ते प्यालो आम्ही."

"जळो तुमचं पिणं," मी म्हटलं. तो हसत गेला.

स्वयंपाकघरात खातुना तवे चुलीत घालत होती. परतीच्या प्रवासासाठी भाकऱ्या न्यायच्या होत्या. मला बघून तिनं हात पुसले. जरा घुटमळली.

"आई, काल तुम्ही 'आणि मी' असं म्हणालात. तेवढ्यात तवा जळला आणि मला पळावं लागलं. नंतर गुलिकोमावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, चुलीबद्दल बोलली. यांना विचारलं तर हे नुसते रडतात. पुढं काय म्हणालात?"

"आठवत नाही, पोरी."

ते माझ्या तोंडून निघालं आणि मला पायरीवरचा एलिझबार दिसला, एक बूट हातात धरलेला. तो खूप वेळ विचार करत बसला होता. खरंच शोधत होता बिचारा. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

आणि खातुना माझ्याकडे बघत होती. मान जराशी तिरकी, ओठ मिटलेले, विश्वास नाही पण भांडायचंही नाही. मी कधी आरशात पाहिलं नव्हतं, पण तो चेहरा मला ओळखू आला. त्याच अंगणात, त्याच चुलीपाशी, एक अर्धं वाक्य घेऊन उभा असलेला.

मी मांडणीवरून दोन ग्लास काढले. कालची वाइन सुरईत उरली होती, ती ओतली. पिठाचा डबा बाजूला सारला आणि बाकावर बसले.

"बस."

"आई, भाकऱ्या थापल्यात. तवे रचायचे आहेत."

"रच आणि बस."

तिनं तवे रचले आणि समोर येऊन बसली, अर्धी, एक पाय चुलीकडे ठेवून. आम्ही सगळ्या अशाच बसतो.

"नीट बस," मी म्हटलं. "कालचं गेलं. ते लोक प्याले. हे दुसरं आहे, आणि हे तुझं."

मांडव नव्हता, तमादा नव्हता, ऐकायला एकच माणूस. एलिझबारला जे जमलं नाही ते मला तरी कुठून जमणार होतं. तरी मी ग्लास उचलला. मी तिच्या मागच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं नाही. तिच्याकडेच पाहिलं. तिच्या भुवईला पीठ लागलं होतं. मी तिथून सुरुवात केली.

मध्येच मालखाझ टेकडीवरून परत आल्याची पावलं वाजली. दारातून त्याचा आवाज आला, "आई, खातुना, काहीतरी जळतंय बरं का."

खातुनाचा पाय हलला. मी ग्लास धरलेल्या हातानं तिला थांबवलं, वाक्य न तोडता. तिनं पाय आत घेतला आणि हनुवटीखाली हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसली.